गच्चीच्या कठड्यावरील वाऱ्याचा भार कसा काढावा

इमारतीच्या डिझाइनमध्ये गच्चीचा कठडा बहुधा ‘मीटरमागे इतका भार’ म्हणून बीमवर टाकला जातो आणि तिथेच त्याचा विचार संपतो. वास्तविक हा कँटिलिव्हर, म्हणजे बुंध्याशी धरलेला व वर मोकळा असलेला घटक आहे. साध्या भिंतीला वारा एका बाजूने भिडतो, तर कठड्याच्या एका अंगावर दाब पडत असतानाच दुसऱ्या अंगावर ओढ असते व दोन्ही एकाच दिशेने लागतात. म्हणून भिंतीचा गुणांक (वाऱ्याच्या दाबाला ज्याने गुणून भार काढतात तो आकडा) इथे चालत नाही.

मुंबईतील एक इमारत घेऊ. कठड्याचा माथा जमिनीपासून २० मीटरवर आणि कठड्याची उंची १.२ मीटर आहे. वाऱ्याच्या भाराची भारतीय संहिता आयएस ८७५ भाग ३ (२०१५) नुसार मुंबईचा मूळ वाऱ्याचा वेग ४४ मीटर प्रति सेकंद आहे. सर्वसाधारण इमारतीसाठी के१ = १.०, भूप्रदेश प्रकार ३ मध्ये २० मीटर उंचीला के२ = १.०१, सपाट जागेसाठी के३ = १.० आणि चक्रीवादळासाठीचा के४ = १.० धरू. उंची मात्र कठड्याच्या माथ्याची घ्यावी, स्लॅबची नव्हे. मूळ वेगाला या चार गुणांकांनी गुणून डिझाइन वेग ४४.४४ येतो. ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे दाब सुमारे १.१८ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. वाऱ्याच्या दिशेसाठी ०.९ ची सवलत आहे, पण किनाऱ्यावरील कठड्यासाठी मी ती घेत नाही. क्षेत्रफळ व संयोजनाचे गुणांकही १.० च ठेवतो, कारण हा लहान, सुटा घटक आहे.

आता कठड्याचा गुणांक. अमेरिकेच्या एएससीई ७ या भारांच्या संहितेत दोन्ही अंगांचा मिळून वाऱ्याकडील कठड्यास १.५ आणि आडोशाकडील कठड्यास १.० दिला आहे. दोन्ही संहितांचा वेग तीन सेकंदांच्या झोताचा असल्याने हा गुणांक इथे वापरणे तर्काला धरून आहे. त्यानुसार भार १.७८ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर, बुंध्याशी कातरबल (आडवे सरकवणारे बल) मीटरला २.१३ किलोन्यूटन आणि मोमेंट (उलथवणारा परिणाम) १.२८ किलोन्यूटन-मीटर येते. इमारतीचा सांगाडा तपासताना मात्र दोन्ही कठड्यांचे बल एकाच दिशेला धरावे, म्हणजे १.५ अधिक १.०, इमारतीच्या रुंदीच्या दर मीटरला सुमारे ३.५५ किलोन्यूटन गच्चीच्या पातळीवर वाढतात.

हे आकडे किरकोळ वाटत असतील, तर नऊ इंची विटांच्या कठड्यावर लावून पाहावेत. त्याचे वजन मीटरला सुमारे ५.५ किलोन्यूटन, अर्धी जाडी ११५ मिलिमीटर धरली, तर वजनामुळे मिळणारे स्थैर्याचे मोमेंट ०.६३, म्हणजे गरजेच्या जवळपास निम्मे. उरलेला ताण सांध्यातील मसाल्याने घ्यायचा म्हटले, तर तो ०.१२ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर निघतो, आणि वीटबांधकामाची संहिता आयएस १९०५ चांगल्या मसाल्यालाही आडव्या सांध्यावर ०.०७ पेक्षा जास्त देत नाही. साडेचार इंची कठड्याचा तर प्रश्नच नको. पुण्यात वेग ३९ असल्याने भार सुमारे २१ टक्क्यांनी घटतो, तरीही वजन एकटे पुरत नाही.

म्हणून एकतर आरसीसी पर्डी (काँक्रीटचा कठडा) करावी किंवा विटांच्या कठड्यात ठरावीक अंतरावर आरसीसी खांब देऊन वर कोपिंगचा (माथ्यावरचा) पट्टा बांधावा. १२५ मिलिमीटरच्या पर्डीत मध्यभागी ८ मिलिमीटरच्या सळया २०० मिलिमीटर अंतराने पुरतात. वारा दोन्हीकडून येतो, त्यामुळे जाळी एकाच पृष्ठाजवळ नेऊ नये. बुंध्याशी एम२५ प्रतीचे काँक्रीट व एफई ५०० प्रतीच्या सळईला साधारण ३९० मिलिमीटर पकड (काँक्रीटमध्ये रुतलेली लांबी) लागते. पातळ स्लॅबमध्ये ती सरळ बसत नाही, तेव्हा सळई खालच्या बीममध्ये उतरवावी. डॉवेल (कठड्यासाठी वर काढलेल्या सळया) न सोडता स्लॅब ओतला गेला, तर वरचा सगळा हिशेब कागदावरच राहतो.

कठड्याला हिरवी जाळी, फलक किंवा सौर पॅनेलचा सांगाडा बांधायचा असेल, तर त्याचा भार वेगळा काढून माथ्याशी लावावा. तो बुंध्यापासून जास्त अंतरावर लागत असल्याने मोमेंट झपाट्याने वाढते.