बाहेरच्या कामाचा फॉर्म भरताय? मग या चुका टाळा

वर्षातून एकदा विद्यापीठाच्या पोर्टलवरून मेल येतो: आपलं वार्षिक डिस्क्लोजर, म्हणजे बाहेरची कामं, उत्पन्न आणि शेअर यांची माहिती देणारा फॉर्म, बाकी आहे. मग आठवणीचा मेल, मग विभागप्रमुखांचा फोन. शेवटी मुदतीच्या संध्याकाळी प्राध्यापक महाशय चार मिनिटांत प्रत्येक प्रश्नापुढे 'नाही' क्लिक करून मोकळे होतात. असे फॉर्म तपासण्यात मी काही वर्षं घालवली. त्यात लबाडी क्वचितच सापडली, गैरसमज मात्र ढिगानं. खाली आकडे अमेरिकेतल्या नियमांचे आहेत, कारण तिथे हे सगळं सर्वांत बारकाईनं लिहून ठेवलंय. चुका मात्र सगळीकडे त्याच होतात.

'माझ्या बाबतीत संघर्ष नाहीच, मग लिहू कशाला?'

ही सगळ्या चुकांची आई. फॉर्म तुम्हाला हितसंबंधांचा संघर्ष आहे का, म्हणजे बाहेरच्या फायद्याचा तुमच्या कामावर परिणाम होऊ शकतो का, असं विचारतच नाही. कुणाकडून पैसे घेतले, कुठे शेअर आहेत, कुठल्या कंपनीत पद आहे, बाहेर किती वेळ जातो, एवढंच विचारतो. त्यातून संघर्ष उभा राहतो की नाही, हे ठरवणारे दुसरे असतात. आणि तसंच हवं, कारण आपल्या निःपक्षपातीपणाचा दाखला आपणच द्यायचा म्हणजे परीक्षार्थीनंच पेपर तपासण्यासारखं झालं.

"पैशानं माझं मत बदलत नाही" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता समोरच्यानं तोंड उघडलं की पुढचं मीच मनात पूर्ण करतो. बदलत नसेलही. पण डिस्क्लोजर म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे. बहुतेक प्रकरणांत उत्तर 'हरकत नाही' असंच येतं. थोड्यांना अटी घातल्या जातात: शोधनिबंधात संबंधाचा उल्लेख करा, विश्लेषण दुसऱ्याकडून तपासून घ्या, त्या कंपनीत काम करणारा विद्यार्थी तुमच्याच मार्गदर्शनाखाली ठेवू नका. न सांगितलेली गोष्ट दुसऱ्याकडून कळली, तर मात्र तिचा अर्थ लावणं तुमच्या हातात राहत नाही.

मुळात हे नियम आले कुठून? 1980 च्या बे-डोल कायद्यानं सरकारी पैशातून झालेल्या शोधांचे पेटंट विद्यापीठांना ठेवता येऊ लागले. प्राध्यापकांच्या कंपन्या निघू लागल्या, प्रयोगशाळा आणि बाजार यांच्यातली भिंत पातळ झाली. 1999 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या जीन थेरपीच्या चाचणीत जेसी गेलसिंगर हा 18 वर्षांचा मुलगा दगावला. चाचणीच्या प्रमुखाचा आणि विद्यापीठाचाही संबंधित कंपनीत आर्थिक हिस्सा होता, हे समोर आलं आणि फॉर्मकडे बघण्याची दृष्टीच बदलली.

5,000 डॉलरचा आकडा चुकीच्या ठिकाणी लावणं

वैद्यकीय संशोधनाला पैसे देणाऱ्या एनआयएचसारख्या अमेरिकी सरकारी आरोग्य संस्थांच्या निधीसाठी 2011 मध्ये सुधारलेला नियम आहे. त्यात पूर्वीची 10,000 डॉलरची मर्यादा 5,000 वर आणली. लोक ही मर्यादा एकेका चेकला लावतात. ती लागते एका कंपनीकडून मागच्या बारा महिन्यांत मिळालेल्या सगळ्या रकमेला. फेब्रुवारीत व्याख्यानाचे 1,800, जूनमध्ये सल्लागार मंडळाच्या बैठकीचे 2,500, ऑक्टोबरात अहवाल वाचण्याचे 1,200. एकही चेक मोठा नाही, बेरीज मात्र 5,500. शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असेल, तर तिच्या शेअरची किंमतही याच बेरजेत धरायची. पती किंवा पत्नी आणि अवलंबून असलेली मुलं यांचं उत्पन्न आणि शेअरही त्यात येतात.

नोंदणी नसलेल्या कंपनीचा तर एकही शेअर असला तरी सांगावा लागतो. "स्टार्टअप नुकती निघालीय, शेअरची किंमत शून्य आहे" हा युक्तिवाद इथे चालत नाही. उलट म्युच्युअल फंडात पैसे असतील आणि कुठले शेअर घ्यायचे हे तुम्ही ठरवत नसाल, तर ते लिहायची गरज नाही. गंमत म्हणजे काहीजण फंडांची यादी मनापासून भरतात आणि मेहुण्यासोबत काढलेली कंपनी विसरतात.

आणि हो, हा आकडा म्हणजे सरकारी किमान मर्यादा. तुमचं विद्यापीठ पहिल्या डॉलरपासून विचारू शकतं. आधी स्वतःच्या विद्यापीठाचं धोरण उघडून वाचा, मग आकड्याच्या आड जा.

'विद्यापीठाचंच तर मानधन आहे'

अमेरिकेतल्या उच्च शिक्षण संस्थेनं किंवा सरकारी यंत्रणेनं व्याख्यानासाठी, परीक्षणासाठी दिलेलं मानधन या नियमातून वगळलंय. परदेशी विद्यापीठ त्या सवलतीत बसत नाही, आणि 2018 मध्ये एनआयएचनं हे पुन्हा स्पष्ट केलं. परदेशातलं मानद पद, तिकडच्या लॅबचा निधी, त्यांनी काढून दिलेलं विमानाचं तिकीट, सगळं सांगायचं. हार्वर्डचे रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स लीबर यांना डिसेंबर 2021 मध्ये ज्यूरीनं दोषी ठरवलं, ते वुहानमधल्या विद्यापीठाशी असलेल्या संबंधांबाबत सरकारी यंत्रणांना खोटं सांगितल्याबद्दल आणि तिथलं उत्पन्न व बँक खातं करखात्यापासून लपवल्याबद्दल. परदेशी विद्यापीठासोबत काम करणं हा आरोप नव्हता.

करार न वाचता सही

माझ्या मते सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच, आणि तिच्याकडेच सगळ्यांत कमी लक्ष जातं. सल्लागार म्हणून बोलावलं जातं, चहापान होतं, मग समोर दोन पानं येतात: "नेहमीचाच गोपनीयतेचा करार आहे, इथे सही करा."

स्टॅनफर्डच्या एका संशोधकाचं असंच झालं. विद्यापीठात रुजू होताना त्यानं लिहून दिलं होतं की माझे शोध विद्यापीठाच्या नावे करण्यास 'मी कबूल आहे'. पुढे पीसीआर, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याचं तंत्र, शिकायला तो सीटस नावाच्या कंपनीत जाऊ लागला. तिथल्या पाहुण्यांसाठीच्या करारात मजकूर असा, की इथल्या कामातून निघणाऱ्या शोधांचे हक्क 'याद्वारे देत आहे'. एकीकडे वचन, दुसरीकडे प्रत्यक्ष हस्तांतर. एचआयव्ही मोजण्याच्या पद्धतीचे पेटंट स्टॅनफर्डनं घेतले. सीटसचा पीसीआरचा व्यवसाय रोश या औषध कंपनीनं विकत घेतला, आणि भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 2011 मध्ये निकाल रोशच्या बाजूनं लागला. बे-डोल कायद्यामुळे हक्क आपोआप विद्यापीठाकडे जात नाहीत, ते आधी शोधकाचे असतात, असं न्यायालयानं सांगितलं. क्रियापदाच्या एका रूपानं हा फरक पडला.

म्हणून सहीच्या आधी तीन कलमं शोधा: शोधांचे हक्क कुणाचे, प्रसिद्धीपूर्वी कंपनीची परवानगी लागते का, आणि विद्यापीठाशी असलेला करार वरचढ राहील असं वाक्य आहे का. ते वाक्य नसेल तर घालून मागा. कंपन्या बहुधा हो म्हणतात, मागणारेच कमी.

शनिवार-रविवार माझा

अनेक विद्यापीठं बाहेरच्या कामाला आठवड्यातून सरासरी एक दिवस देतात. पण प्रश्न फक्त वेळेचा नसतो. रविवारी केलेल्या कामातही विद्यापीठाचं उपकरण वापरलं, पीएचडीच्या विद्यार्थ्याला 'जरा हे ग्राफ काढून दे' म्हटलं, किंवा कंपनीच्या पत्रावर विभागाचा शिक्का उमटला, तर प्रकरण वेगळं होतं. विद्यार्थी 'नाही' म्हणू शकत नाही, हे विसरू नका. त्याचा प्रबंध तुमच्या हातात असतो. बाहेरच्या कामाला मंजुरीही आधी घ्यायची असते. काम संपल्यावर पाठवलेला अर्ज म्हणजे निव्वळ बातमी.

एकाला सांगितलं म्हणजे सगळ्यांना सांगितलं

2018 मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग रुग्णालयाचे प्रमुख वैद्यकीय अधिकारी होझे बासेल्गा यांना पद सोडावं लागलं. रुग्णालयाच्या म्हणण्यानुसार त्यांनी बाहेरचं काम रुग्णालयाला नीट कळवलं होतं. उल्लेख राहिला होता तो शोधनिबंधांत. विद्यापीठ, निधी देणारी संस्था आणि नियतकालिक ही तीन वेगळी दारं आहेत, आणि तिन्हींचे प्रश्न वेगळे. वैद्यकीय संपादकांचा प्रचलित फॉर्म मागच्या 36 महिन्यांचे संबंध विचारतो, विद्यापीठ बहुधा 12. निधीच्या अर्जातली 'इतर साहाय्य' ही यादी, म्हणजे संशोधनासाठी इतरांकडून काय काय मिळतं ते, आणखी तिसरीच. शिवाय अमेरिकेत डॉक्टरांना औषध कंपन्यांकडून मिळालेल्या रकमा 2014 पासून सार्वजनिक संकेतस्थळावर दिसतात. पत्रकार फॉर्म मागत बसत नाही. तो दोन याद्या शेजारी ठेवतो.

चूक झालीच असेल तर

पुढच्या वार्षिक मेलची वाट बघू नका. नवा संबंध तयार झाला किंवा लक्षात आला की 30 दिवसांत कळवायचं असतं; वार्षिक फॉर्म हा त्याशिवायचा. मुदत उलटली असेल तरी फॉर्म आजच्या तारखेनं दुरुस्त करा. जुनी तारीख टाकणं म्हणजे विसरभोळेपणाचं रूपांतर खोटेपणात करणं.

हे फॉर्म तपासणाऱ्या विद्यापीठाच्या कार्यालयाला मेल लिहिताना सफाई देऊ नका. कुठली संस्था, कधीपासून, किती रक्कम, कुठल्या प्रकल्पाशी संबंध, कधी लक्षात आलं. पाच ओळी पुरतात. करार आणि पावत्या सोबत जोडा. आरोग्य निधीवरचा प्रकल्प असेल, तर नियमभंग ठरल्यापासून 120 दिवसांत विद्यापीठाला मागचं काम तपासावं लागतं: त्या काळात संशोधनाची आखणी, अंमलबजावणी किंवा निष्कर्ष एका बाजूला झुकले का. तेव्हा तुमच्या प्रयोगाच्या वह्या आणि कच्चा डेटा मागितला जाईल. ते आताच एका जागी काढून ठेवा, आणि सहलेखकांना ही गोष्ट कार्यालयाकडून कळण्याआधी तुमच्याकडून कळू द्या.