दिवस राहत नसतील तर स्रावाबाबत या चुका टाळा

वंध्यत्वाच्या उपचारांना येणाऱ्या जोडप्यांशी बोलणं हे माझं काम. ‘मधेच अंगावरून पांढरं जातं, त्यावर गोळ्या चालू आहेत’ हे वाक्य ऐकलं की जीव तुटतो.

एकीची पाळी ३५ दिवसांची होती. दीड वर्ष ती बीज फुटण्याचा दिवस म्हणून १४ वा दिवस धरून बसली. १९व्या-२०व्या दिवशी अंड्यातल्या पांढऱ्यासारखा, बोटांत तार धरणारा स्राव दिसला की तिला तो रोग वाटायचा. मग आतून धुणं आणि नवऱ्यापासून लांब राहणं. बीज फुटतं ते साधारण पुढच्या पाळीच्या दोन आठवडे आधी, म्हणजे तिचं २१व्या दिवसाच्या आसपास. त्याआधी इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) वाढतं आणि गर्भाशयमुखाचा स्राव पातळ, निसरडा होतो. त्यात शुक्राणू पाच दिवसांपर्यंत तग धरतात, बीज मात्र जेमतेम एक दिवस. नंतर प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकामुळे स्राव घट्ट होऊन वाट बंद होते. नेमके कामाचे दिवस ती दर महिन्याला धुऊन टाकत होती. धुणं थांबवून तिने नोंदी ठेवल्या आणि काही महिन्यांत दिवस राहिले. ते दीड वर्ष मला अजून सलतं.

खाज, दुर्गंधी, हिरवट-पिवळा रंग असेल तर मात्र तपासणी हवीच.

एका दिवसाच्या निरीक्षणावर ‘माझा स्राव खराब आहे’ असं ठरवू नका. संबंधानंतरचं वीर्यही तसंच दिसतं. मी रोज संध्याकाळी एक ओळ लिहायला सांगते, आणि तीन पाळ्यांची वही पाहिल्याशिवाय मत देत नाही. घाई करणाऱ्यांना हे आवडत नाही, तरी मी हट्ट सोडत नाही.

थुंकी किंवा साधं वंगण जेल वापरू नका, शुक्राणूंची हालचाल मंदावते.

कफ पातळ करणारं सिरप प्यायलं की हा स्रावही पातळ होतो, असा सल्ला फिरतो. त्याला भक्कम पुरावा नाही. असले आडमार्ग मला अजिबात पटत नाहीत. बीज फुटावं म्हणून देतात ते क्लोमिफेन हे औषध तर मनाने घेऊच नका, त्याने काहींचा स्राव उलट घट्ट होतो. डॉक्टरांनी दिलं असेल आणि कोरडेपणा जाणवला तर त्यांना सांगा.

आणि सगळा दोष स्रावावर टाकण्याआधी नवऱ्याची वीर्य तपासणी करा. स्राव खरोखरच अडवत असेल, तर आययूआयमध्ये शुक्राणू गर्भाशयमुख ओलांडून थेट गर्भाशयात सोडता येतात. वय ३५च्या पुढे असेल तर नुसते प्रयत्न करत सहा महिन्यांपेक्षा जास्त थांबू नका, डॉक्टरांना भेटा.