सायबरनेटिक्स शिकायचंय? आधी स्टार्टरची पेटी उघडा

औशात माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की वाचत बसतो. सायबरनेटिक्स, म्हणजे यंत्रं आणि सजीव खबर घेऊन स्वतःला ताब्यात कसं ठेवतात याचं शास्त्र, कुठून सुरू करू असं विचारणाऱ्या पोरांना मी आधी पुस्तक देत नाही, विहिरीवरच्या पेटीपाशी नेतो. मेन पाडायचं आणि झाकण उघडायचं.

आत ‘ऑटो’ असतो. लाईट आली की मोटार चालू, एवढंच त्याला ठाऊक. विहिरीत पाणी आहे का, हे त्याला कुणी सांगत नाही. मोटार कोरडी चालते, जळते आणि माझ्या दुकानात येते. आता विहिरीत लेव्हलच्या वायरी सोडा. पाणी खाली गेलं की मोटार बंद. मोटारीनं केलेल्या कामाची खबर मोटारीलाच परत मिळाली, हा फीडबॅक. अमेरिकन गणितज्ञ नॉर्बर्ट वीनरच्या 1948 च्या ‘सायबरनेटिक्स’ या पुस्तकाचा कणा हाच.

ते पुस्तक मात्र सुरुवातीला अख्खं वाचायला घेऊ नका, गणित अंगावर येतं. नुसती प्रस्तावना वाचा, लई भारी आहे. दुसऱ्या महायुद्धात वीनर आणि इंजिनिअर ज्युलियन बिगेलो विमानविरोधी तोफांच्या नेमावर काम करत होते. फीडबॅक प्रमाणाबाहेर गेला की यंत्र हेलकावे खातं. माणसाचंही असं होतं का, हे त्यांनी शरीरशास्त्रज्ञ आर्तुरो रोझेनब्लूथला विचारलं. होतं, तो म्हणाला. लहान मेंदूला इजा झालेला रोगी पेन्सिल उचलायला जातो, हात पुढं निसटतो, मागं येतो, पुन्हा निसटतो. आमच्याकडं चालूची आणि बंदची वायर एकाच उंचीवर बांधली की कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटारीची लाईट जोडणारा-तोडणारा स्विच, असाच कटकट करत बसतो. कारण थोडं वेगळं, पण लक्षण तेच. एक वायर वर घेतली की गप्प.

मग रॉस ॲशबी. हा इंग्लंडचा मानसोपचारतज्ज्ञ. त्याचं 1956 चं ‘ॲन इंट्रोडक्शन टू सायबरनेटिक्स’ नेटवर रीतसर फुकट मिळतं आणि त्याला इलेक्ट्रॉनिक्स यावं लागत नाही. वही घेऊन त्यातली उदाहरणं सोडवा, उत्तरं मागं आहेत. घाई असेल तर निदान अकरावं प्रकरण सोडू नका: जितक्या तऱ्हेची संकटं, तितक्या तऱ्हेचे जबाब नियंत्रकाकडं हवेत. एक फेज गेला, व्होल्टेज पडलं, पाणी आटलं. बिचाऱ्या ऑटोकडं जबाब एकच. पेटीत प्रिव्हेंटर (फेज गेला की मोटार पाडणारा) आणि रिले (बिघाड दिसला की मोटार तोडणारे स्विच) यांची गर्दी का असते, ते तिथं कळतं.

1946 ते 1953 च्या मेसी परिषदा, म्हणजे या विषयावर निरनिराळ्या शास्त्रांतली माणसं जमायची त्या बैठका, आणि त्यात बसणारे मानववंशशास्त्रज्ञ ग्रेगरी बेटसन, मार्गारेट मीड हे सवडीनं. मेंदूचा अभ्यास करणाऱ्या ग्रे वॉल्टरची उजेडाकडं चालणारी यंत्र-कासवं पोरांना हमखास आवडतात.

शेवटी स्टॅफर्ड बीअर, कारभाराला सायबरनेटिक्स लावणारा इंग्रज सल्लागार. 1971 ते 1973 मध्ये चिलीत त्यानं सरकारी कारखान्यांची खबर टेलेक्सवरून (तारेवरून मजकूर धाडणारं टंकयंत्र) एका कॉम्प्युटरपर्यंत आणायचा घाट घातला. 1973 च्या लष्करी उठावात सगळं बंद पडलं. त्या प्रकल्पाच्या नियंत्रण-खोलीतल्या झकपक खुर्च्यांच्या फोटोंत अडकू नका. कारखान्यातून कोणते आकडे येत होते आणि ते बघून कोण काय बदलू शकत होतं, तेवढं वहीत उतरवा.