ज्या मॅनेजरले शिव्या दिल्या त्याले पुन्हा कसं तोलायचं

भाऊ, आर्सेनल ह्या इंग्लंडच्या फुटबॉल क्लबचा मॅनेजर वेंगर जाव म्हणून मी सगळ्यात मोठ्यानं बोंबलत होतो, पानठेल्यावर एकाच मोबाईलवर आमी पाच जणं आर्सेनलची मॅच पाहायचो तवा. आता मनातून वाटते का लय चुकलं. तुमालेही कोण्या मॅनेजरबद्दल असं वाटत असन तं असं करा.

पहिले ट्रॉफी बाजूले ठेवा, पैसा पाहा. 2006 मदे क्लब नव्या स्टेडियमात गेला, त्याचं कर्ज होतं, चांगले चांगले प्लेयर विकले गेले तरी 1996-97 पासून 2015-16 परेंत सलग 20 सीझन इंग्लंडच्या लीगमदे पहिल्या चारात. कोरडवाहू वावरात बागायती पीक काढलं ना त्यानं!

मंग तो गेल्यावर काय झालं ते पाहा, हेच खरं महत्त्वाचं. 2018 मदे गेला, पुढचे तीन सीझन क्लबचा नंबर पाचवा, आठवा, आठवा. कापसाच्या वजनाच्या वहीत मागच्या पानावर पेनानं हे लिहिलं तवा कुठं माह्या डोक्यात शिरलं.

पण उगाच देवही करू नका, 2017 मदे जर्मनीच्या बायर्न क्लबकडून दोनदा 5-1 नं हरलो, तेही त्याच पानावर लिहा. आन ज्या दोस्तासंग भांडले असान त्याले फोन करून सांगा, तुयंच बरोबर होतं गड्या.