अफूजन्य व्यसनांच्या साथीत संशोधनाचा आधार कसा घ्यावा

एखाद्या जिल्ह्यात हेरॉइनचे किंवा वेदनाशामक गोळ्यांचे व्यसन पसरू लागले की धाडी, जनजागृती फेऱ्या आणि नव्या व्यसनमुक्ती केंद्राचे उद्घाटन हे सारे तातडीने होते. व्यसनी किती आहेत, ते काय घेतात आणि उपचारांपर्यंत का पोहोचत नाहीत, ही चौकशी मात्र मागे राहते. कामाची सुरुवात या चौकशीपासून करावी. पंजाबमध्ये २०१५ साली दिल्लीच्या एम्समधील तज्ज्ञांनी १० जिल्ह्यांतील अफूजन्य पदार्थांवर अवलंबून असलेल्या ३,६२० व्यक्तींची पाहणी केली, तेव्हा राज्यात असे सुमारे २ लाख ३२ हजार लोक असावेत असा अंदाज निघाला. त्यांतील निम्म्याहून अधिक जण हेरॉइन, म्हणजे तिकडचा ‘चिट्टा’, घेत होते, आणि एकूण ८० टक्क्यांहून अधिक जणांनी व्यसन सोडण्याचा प्रयत्न करून पाहिला होता. लोकांना सुटायचेच नसते, हा समज बाजूला ठेवायला एवढे पुरेसे आहे.

लपून राहणाऱ्यांची मोजदाद घरोघरी जाऊन होत नाही. त्यासाठी काही व्यसनी व्यक्तींना कुपने देऊन त्यांच्या ओळखीच्यांना बोलावले जाते, ते आणखी काहींना आणतात, आणि मिळालेली माहिती केंद्रांच्या नोंदींशी ताडून पाहिली जाते. समजा, जिल्ह्यातील केंद्रांत वर्षभरात ६०० जणांची नोंद झाली आहे आणि पाहणीत दर पाच जणांपैकी एकाने त्या वर्षी तेथे उपचार घेतल्याचे सांगितले. तर एकूण संख्या ३,००० च्या आसपास धरता येते. मात्र नोंद आणि प्रश्न एकाच कालावधीचे असावेत, आणि पाहणीची माणसे केंद्राच्या दारातून गोळा केलेली नसावीत. नावे लिहू नयेत व माहिती पोलिसांकडे जाऊ देऊ नये; एकदा विश्वास तुटला की पुन्हा कोणी समोर येत नाही.

उपचारांच्या बाबतीत संशोधनाचा कौल पुरेसा स्पष्ट आहे, तरी तोच सर्वाधिक डावलला जातो. काही आठवडे दाखल करून नशा तोडली आणि रुग्णाला नुसते घरी पाठवले, तर शरीराची सहनशक्ती घटलेली असते. मग जुन्या सवयीच्या मात्रेनेच श्वास थांबू शकतो. तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले दोन आठवडे याच कारणाने अत्यंत धोक्याचे असतात. याउलट बुप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन, म्हणजे अफूजन्य गटातीलच पण तलब शमवण्यासाठी दिली जाणारी औषधे, दीर्घकाळ चालू ठेवल्यास मृत्यू लक्षणीयरीत्या कमी होतात, आणि ही दोन्ही औषधे जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २००५ पासून आहेत. ‘एका नशेऐवजी दुसरी नशा’ हा आक्षेप वारंवार ऐकू येतो. परंतु नेमून दिलेल्या मात्रेत औषध घेणारा माणूस कामावर जातो, घर सांभाळतो आणि मुख्य म्हणजे जिवंत राहतो. बुप्रेनॉर्फिनची पहिली मात्रा मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली, जांभया, डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा अशी नशा उतरल्याची लक्षणे दिसू लागल्यावरच द्यावी. घाई केल्यास त्रास एकदम वाढतो. नशेची मात्रा अधिक झाल्यास श्वास परत आणणारे नालोक्सोन रुग्णवाहिकांत असावे आणि कुटुंबीयांना ते वापरायला शिकवावे.

पंजाबने २०१७ मध्ये बाह्यरुग्ण पद्धतीची अशी उपचार केंद्रे सुरू केली. रोज केंद्रावर येऊन गोळी घेण्यात मजुरी बुडते, त्यामुळे उपचार अर्ध्यावर सुटू शकतात; कोविडच्या टाळेबंदीत गोळ्या घरी नेण्याची सवलत द्यावी लागली. म्हणून यश मोजताना किती जण दाखल झाले हे न पाहता, सहा महिन्यांनी आणि वर्षाने किती जण उपचारांत टिकले, कोण गळाले आणि का, हे तपासावे.

परिणाम मोजण्याचा काळही आधीच ठरवावा लागतो. अमेरिकेत केंटकी, मॅसॅच्युसेट्स, न्यूयॉर्क आणि ओहायो या राज्यांतील ६७ वस्त्यांत अतिमात्रेचे मृत्यू घटवण्यासाठी अनेक उपाय राबवून पाहण्याचा मोठा प्रयोग झाला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत अतिमात्रेने होणाऱ्या मृत्यूंत संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठोस फरक आढळला नाही. तुलनेचा काळ सुरू झाला तेव्हा ठरवलेल्या ६१५ उपायांपैकी केवळ २३५ अमलात आले होते, शिवाय त्याच काळात कोविडची साथ होती. त्यामुळे आपल्या जिल्ह्यात आराखडा मंजूर करताना प्रत्येक उपायासमोर तो प्रत्यक्ष सुरू झाल्याची तारीख नोंदवण्याचा रकाना ठेवावा, आणि बहुतांश उपाय सुरू झाल्यावरच मृत्यूंची तुलना करावी.