मांजराच्या जाळीघरात खरी काळजी जाळीची
मांजरासाठी बाहेर जाळीचं बंदिस्त घर करताय? मग पैसे आधी जाळीवर घाला, सजावट नंतर. नायलॉनची जाळी मांजर कुरतडतं. खुराड्याची पातळ षटकोनी जाळी ओढून ओढून उसवते. जस्ताचा मुलामा दिलेली वेल्डेड जाळी घ्या, भोकं 2.5 सेंटिमीटरपेक्षा मोठी नकोत. पिल्लाचं डोकं गेलं की अख्खं अंग निघतं! नुसत्या पिना ठोकू नका. स्क्रूखाली रुंद वॉशर घाला आणि प्रत्येक कोपरा हाताने जोरात ओढून बघा. वरून छप्पर हवंच. दारं दोन, एकामागे एक, म्हणजे एक उघडलं तरी मांजर बाहेर निसटत नाही. आत सावली, पाणी, उंचावर एखादी फळी. लिलीची कुंडी मात्र जवळपासही नको, तिच्या परागांनीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.