प्रागच्या गल्ल्यांत फिरताना इमारतींचे बारकावे कसे टिपावेत

प्रागला जाऊन आलेल्या कुणाचाही फोन बघा, त्यात चार फोटो ठरलेले असतात. चार्ल्स पूल, टाउन हॉलचं खगोलीय घड्याळ, नदीपलीकडचा किल्ला आणि ती कमरेत वाकलेली ‘डान्सिंग हाउस’. फोटो वाईट नसतात, पण पोस्टकार्डावर याहून बरे मिळतात. या शहराची खरी श्रीमंती दारांच्या चौकटींवर, छज्जांखाली आणि पहिल्या मजल्याच्या भिंतींवर आहे. दुसऱ्या महायुद्धात प्रागची पडझड तुलनेनं कमी झाली. त्यामुळे वेगवेगळ्या काळांतल्या शैली, म्हणजे गॉथिक कमान, बरोक देवदूत, आर्ट नूवोची लोखंडी वेलबुट्टी आणि क्युबिस्ट खिडकी एकाच सकाळच्या फेरीत भेटतात.

हे टिपण्यासाठी एक गोष्ट डोक्यात ठेवावी: कोरीव काम सावलीमुळे दिसतं. गिलाव्यात चार बोटं उठाव असलेली आकृती नजरेत भरते, ती तिच्या कडेला पडलेल्या काळ्या रेघेमुळे. ऊन अगदी समोरून आलं की ती रेघ गायब होते आणि फोटोत उरते नुसती पिवळी भिंत. म्हणून या लेखात कॅमेऱ्यापेक्षा उन्हाबद्दल जास्त आहे.

आदल्या रात्री: कुठली भिंत कुठे बघते?

बघायच्या घरांची यादी सगळेच करतात. तुम्ही प्रत्येक नावापुढे त्या दर्शनी भिंतीचं तोंड कुठल्या दिशेला आहे तेही लिहा. फोनवरच्या नकाशात उत्तर वर ठेवली की पाच मिनिटांत हे कळतं. पूर्वेकडे तोंड असलेल्या भिंती सकाळी, पश्चिमेकडच्या दुपार कलल्यावर. दक्षिणेकडच्या भिंतींवर सकाळी आणि संध्याकाळी ऊन तिरकं येतं, ते आपल्या कामाचं. उत्तरेकडच्या भिंती बहुतेक वेळ सावलीत असतात. त्यांना यादीतून काढू नका, त्यांचा उपयोग पुढे सांगतो.

आपल्याकडच्या उन्हाची सवय इथे थोडी मोडावी लागते. प्राग ५० अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटी तिथला सूर्य भर दुपारीही क्षितिजाच्या जेमतेम १६-१७ अंश वर असतो. त्याच दिवशी मुंबईत तो ४७ अंशांच्या आसपास पोचतो. म्हणजे हिवाळ्यात प्रागला दिवसभर सोनेरी तिरकं ऊन मिळतं खरं, पण अरुंद गल्लीत ते वरच्या मजल्यांखाली उतरतच नाही. समोरच्या घराची सावली आडवी येते. शिवाय दुपारी चारला अंधार. उलट जूनमध्ये पाचच्या आधी उजाडतं आणि सूर्यास्त रात्री नऊनंतर होतो.

मला विचाराल तर सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. पण मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीतच जायचं असेल, तर सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहानंतरचा वेळ भिंतींना द्या. मधले तास संग्रहालयं, जेवण आणि किल्ल्याच्या रांगेसाठी ठेवा. सकाळी लवकर निघण्याचा दुसरा फायदा म्हणजे मधे कुणी नसतं.

सामान

थोडकं. फोनमध्ये दोन-तीन पट जवळ आणणारी वेगळी लेन्स असेल तर निम्मं काम होतं. बोटांनी चिमटून मोठं करणं म्हणजे निव्वळ कापाकापी, ते घरीही करता येतं. कॅमेरा असेल तर २४-१०५ मिमी किंवा तत्सम एकच झूम लेन्स गळ्यात अडकवा. अतिरुंद लेन्सचा मोह टाळा. तिच्यात सगळं मावतं आणि काहीच दिसत नाही. तिपाईची गरज नाही. बूट मात्र चांगले हवेत, कारण रस्ते दगडी घडीव ठोकळ्यांचे आहेत आणि तुम्ही वर बघत चालणार आहात.

सुरुवात एकाच रस्त्यानं करा

सगळं शहर एका दिवसात टिपायला निघालात तर पाय दुखतील आणि हाती थोडंच लागेल. पहिल्या दिवशी किल्ल्याखालचा नेरुदोवा रस्ता घ्या. चेक लेखक यान नेरुदा याच रस्त्यावर राहिले, त्यांचंच नाव त्याला आहे. तो माला स्ट्राना या वस्तीच्या चौकातून पश्चिमेला किल्ल्याकडे चढत जातो. चढायचं कशाला? २२ नंबरच्या ट्रामनं पोहोर्झेलेत्सच्या थांब्यावर उतरा आणि उलट खाली या.

इथल्या घरांची चिन्हं हा पहिला धडा. १७७० साली, हॅब्सबर्ग घराण्याची राणी मारिया थेरेसा हिच्या कारकिर्दीत, घरांना क्रमांक मिळाले. त्याआधी घर ओळखायचं ते दारावरच्या चिन्हावरून: लाल कोकरू, सोन्याचा नाल, सोनेरी पेला, पांढरा हंस. ४७ क्रमांकाच्या घरावर दोन सूर्य आहेत, आणि नेरुदा राहायचे ते हेच घर. १२ क्रमांकाच्या घरावर तीन व्हायोलिनं आहेत. तिथे व्हायोलिन बनवणारे राहत असत. एका चौकटीत एकच चिन्ह घ्या. चिन्हाभोवती खिडकीचा थोडासा काठ किंवा गिलाव्याची चौकट येऊ द्या, म्हणजे ते भिंतीवर आहे हे कळतं. नुसतं चिन्ह कापून घेतलं तर ते दुकानातल्या स्टिकरसारखं दिसतं.

रस्ता पूर्व-पश्चिम आहे, त्यामुळे त्याच्या दोन बाजूंचे स्वभाव वेगळे. उत्तर बाजूच्या घरांची तोंडं दक्षिणेला. त्यातच २० क्रमांकाचा थुन-होहेनश्टाइन राजवाडा आहे, आज तिथे इटलीचा दूतावास आहे. त्याच्या दारावर मातियास ब्राउनच्या शिल्पशाळेतले दोन प्रचंड गरुड पंख पसरून बसलेत. सकाळच्या तिरक्या उन्हात त्यांचं पीस अन् पीस मोजता येतं. दुपारी ऊन वरून येऊ लागलं की छज्जाची सावली खाली सरकते आणि चेहरे काळवंडतात.

समोरच्या बाजूला ५ क्रमांकाचा मोर्झिन राजवाडा, आता रुमानियाचा दूतावास. फर्डिनांड माक्सिमिलियान ब्रोकोफनं १७१४ च्या सुमारास घडवलेले दोन मूर (उत्तर आफ्रिकी) पुरुष तिथे सज्जा पेलून उभे आहेत आणि दारांवर दिवस व रात्र यांचे अर्धपुतळे आहेत. ही भिंत उत्तरेला बघते, म्हणजे सावलीत. तरीही सकाळी दहा-साडेदहाला इथे या. समोरच्या घरांवर तेव्हा ऊन असतं आणि त्या फिकट भिंतींवरून परावर्तित झालेला मऊ प्रकाश या मूर्तींवर पडतो. पूर्ण गोलाईच्या, भिंतीपासून सुट्या शिल्पाला असाच प्रकाश मानवतो. दंड, छाती, कपाळावरच्या आठ्या, सगळं उलगडतं. दूतावासांसमोर पहारा असतो. शिल्पाचा फोटो काढायला सहसा कुणी हरकत घेत नाही, पण पहारेकऱ्यांवर आणि त्यांच्या केबिनवर कॅमेरा रोखू नये.

उंचावरचं चिन्ह सरळ कसं यावं?

खाली उभं राहून कॅमेरा वर केला की घर मागे झुकल्यासारखं दिसतं. यावर सोपा उपाय म्हणजे लांब जा. समोरच्या फुटपाथवर, भिंतीला पाठ टेकून उभे राहा आणि झूम वापरा. कोन जितका कमी तितक्या उभ्या रेषा सरळ. उतारावर तर फुकटचा फायदा आहे: घराच्या वरच्या अंगाला चार पावलं गेलं की डोळे त्या चिन्हाच्या उंचीच्या जवळ पोचतात. तिथून थोडा तिरका कोन येतो, पण उठावकामाला तो शोभतो.

मग हे करा. स्क्रीनवर चौकोनांची जाळी चालू करा आणि खिडकीची एखादी उभी कड जाळीच्या रेषेला जुळवा. चिन्हावर बोट दाबून धरा, म्हणजे फोकस आणि एक्स्पोजर तिथेच अडकतात. नंतर बोट किंचित खाली ओढून फोटो थोडा गडद करा. पांढऱ्या गिलाव्यावर आणि सोन्याच्या मुलाम्यावर हे फार महत्त्वाचं. एकदा पांढराफटक झालेला भाग परत मिळत नाही, अंधारातला थोडाफार वर आणता येतो. कॅमेऱ्यावर लेन्सचं छिद्र एफ ८, शटर १/१२५ सेकंद किंवा त्याहून वेगवान, आणि आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, लागेल तेवढा. सावलीत आयएसओ ८०० झाला म्हणून कुणी मरत नाही. हललेला फोटो मात्र वाया जातो.

मागे सरकताना मागे बघा. नेरुदोवावर फक्त गाड्या आहेत, पण शहरात इतरत्र ट्राम असतात आणि त्या तुमच्या चौकटीसाठी थांबत नाहीत.

भिंत कशाची आहे ते बघून प्रकाश निवडा

काही भिंतींवर उठाव अजिबात नसतो, तरी त्या कोरीव वाटतात. किल्ल्यासमोरच्या चौकातला श्वार्झेनबर्ग राजवाडा बघा. सोळाव्या शतकातल्या या राजवाड्याची भिंत टोकदार घडीव चिऱ्यांची वाटते, आणि जवळ जाऊन बघावं तर सगळा सपाट गिलावा. हे स्ग्राफितो. खाली गडद गिलावा, वर फिकट चुन्याचा हात, आणि तो ओला असतानाच खरवडून काढलेली नक्षी. गोवा आणि दक्षिण कोकणातल्या देवळांचं कावी काम पाहिलेल्या वाचकाला ही जात लगेच ओळखू येईल. फक्त तिथे लाल थर वर असतो आणि खरवडल्यावर खालचा पांढरा चुना दिसतो. जुन्या टाउन हॉलशेजारचं ‘मिनिट’ नावाचं घर याच तंत्रानं माणसांच्या आकृत्यांनी भरलेलं आहे. लहानपणी लेखक फ्रान्झ काफ्का तिथे राहत होता. स्ग्राफितोला तिरक्या उन्हाचा उपयोग नाही, उलट छज्जाच्या सावल्या नक्षीत घुसून घोळ करतात. ढगाळ दिवस किंवा सावली हवी. राजवाड्याचं चौकाकडचं तोंड उत्तरेला आहे, त्यामुळे तिथे दुपारीही जाता येतं. इथे कॅमेरा भिंतीला अगदी समांतर धरा.

बरोबर उलटं प्रकरण क्युबिझमचं, म्हणजे आकार कोनांत आणि पैलूंत मोडून दाखवणाऱ्या कलाशैलीचं. चित्रातला क्युबिझम बऱ्याच शहरांत आहे, पण त्याची घरं बांधण्याचं वेड प्रागनंच घेतलं. त्सेलेत्ना रस्त्यावरचं ‘काळ्या मॅडोनाचं घर’ योसेफ गोचारनं १९११-१२ मध्ये बांधलं. कोपऱ्यावर पिंजऱ्यात ती मॅडोना, म्हणजे मेरीमातेची मूर्ती, आहे, तिथल्या आधीच्या घराची आठवण. आतला जिना तळातून वर बघून टिपा, विजेच्या बल्बच्या आकाराचा दिसतो. पण अस्सल मौज विशेह्राद या जुन्या गडाच्या पायथ्याशी, नेक्लानोवा रस्त्यावर आहे. योसेफ खोखोलनं १९१३-१४ मध्ये तिथे उभं केलेलं कोपऱ्यावरचं घर म्हणजे नुसत्या पैलूंचा खेळ. रंग नाही, चित्र नाही, फक्त आत-बाहेर वळलेले कोन. ढगाळ दिवशी ते घर मुकं असतं. ऊन तिरकं पडलं की प्रत्येक पैलू वेगळ्या छटेचा होतो. फोटो कृष्णधवल करायचाच असेल तर तो इथे करा. बाकी ठिकाणी कृष्णधवल हा बऱ्याचदा फसलेल्या रंगांवरचा पडदा असतो.

सोनं, काच आणि मोझेइक (रंगीत तुकडे जोडून केलेलं चित्र) यांना थेट ऊन सोसत नाही, चमक येते. म्युनिसिपल हाउसच्या दारावर कारेल श्पिलरचं मोठं मोझेइक आहे. ते ढग आले की किंवा संध्याकाळी दिवे लागताना घ्या. पाऊस आलाच तर कंटाळू नका. प्रागच्या फुटपाथांवर छोट्या दगडी ठोकळ्यांची फिकट-गडद नक्षी आहे, आणि ओली झाल्यावर तिचे रंग खुलतात. जोर वाढला तर व्हेन्सेस्लास चौकाजवळच्या आच्छादित गल्ल्यांत शिरा. स्व्येतोझोरच्या गल्लीत टेस्ला या रेडिओ कंपनीची जुनी जाहिरात रंगीत काचेत आहे, आणि जवळच लुत्सेर्नाची गल्ली आहे. काचेसाठी एक्स्पोजर काचेच्या उजळ भागावर ठेवा, आजूबाजूचं काळं राहू द्या.

दारं आणि माणसं

रस्त्यावरून दिसणाऱ्या इमारती आणि शिल्पं टिपायला चेक कायद्यात मुभा आहे. घरांच्या आत मात्र माणसं राहतात. उघड्या दारातून जिन्याचा कठडा दिसला तर बाहेरूनच घ्या, किंवा ‘दोब्री देन’ (नमस्कार) म्हणून विचारा. खिडकीत कुणी उभं असेल तर थांबा. दाराच्या कड्या, मुठी, टपालपेटीची झाकणं हे सगळं डोळ्यांच्या उंचीवर असतं आणि लोक तेच चुकवतात. कडी टिपताना वरून नको, तिच्याच उंचीवर वाका.

नोंद आणि निवड

प्रत्येक बारकाव्यानंतर आणखी दोन फोटो काढा: एक पूर्ण घराचा, एक नंबराच्या पाटीचा. प्रागच्या बहुतेक घरांवर दोन पाट्या असतात. निळ्या पाटीवर रस्त्यातला क्रमांक. लाल पाटीवर त्या वस्तीच्या नोंदीतला क्रमांक, शेजारी वस्तीचं नावही. वस्तीत तो क्रमांक एकाच घराचा असतो. हे दोन फोटो सुंदर येण्याची गरज नाही.

संध्याकाळी हॉटेलवरच चाळणी लावा, कारण दुसऱ्या दिवशी परत जाऊन सुधारता येतं. उभ्या रेषा संपादनाच्या अॅपमध्ये थोड्या सरळ करा, पण पार ताणू नका, नाहीतर वरचा मजला खालच्यापेक्षा रुंद दिसतो. एका चिन्हाचा एकच फोटो ठेवा. फाइलला वस्तीचं नाव आणि लाल पाटीवरचा आकडा द्या. वर्षभरानंतर ते घर कुठलं होतं हे शोधायला तेवढं पुरतं.